गुरू मरायच्या आधी

रविवारी तांबट आळी गप्प असायची.
सहा दिवस ठोकून ठोकून
सातव्या दिवशी हवेलाही ऐकू येईनासं झालेलं.
आप्पा धुतलेला सदरा घालत,
मला सायकलच्या दांडीवर बसवत,
आणि क्वार्टर गेटवरून कॅम्पात, मॉर्निंग शोला,
सव्वा रुपयाच्या बाकावर.

पडद्यावरची चिनी माणसं इंग्रजीत बोलत.
ओठ मिटून जायचे, वाक्य मागून यायचं
चपला घालत घालत.
पब्लिक हसायचं.
आप्पांना त्यात काही चुकीचं दिसायचं नाही.
मठारकामानं त्यांचे दोन्ही कान कधीच खाल्ले होते;
त्यांच्यासाठी सगळं जगच असं,
ओठ आधी, अर्थ मागाहून.

मारामारीला मी बाकावर उभा राहायचो.
एकटा विरुद्ध चाळीस,
आणि ते चाळीस आपला नंबर यायची वाट बघत
रॉकेलच्या रांगेसारखे शिस्तीत.
म्हातारा उडी मारून थेट झाडावर,
पांढरी दाढी वाऱ्यावर, दाढीचा डिंक उन्हात.
मुश्ताक बागवान आणि मी
भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून दोन खुंट आणले,
मध्ये सायकलची चेन,
आणि पहिल्याच फिरकीत त्याचा पुढचा दात
शाळेच्या पटांगणात राहिला.
अजून हसला की त्या फटीतून
सगळा मॉर्निंग शो दिसतो.

आप्पांना मारामारीचं काही नव्हतं.
ते वाट बघायचे त्या भागाची,
जिथे पोरगा मठाच्या दाराशी तीन दिवस उपाशी बसतो,
मग आत घेतात, आणि हातात देतात बादली.
वर्षभर पाणी. नुसतं पाणी.
डोंगर चढून, हात आडवे धरून,
सांडलं की परत खाली.
आप्पा कोपरानं मला ढोसत:
"बघ. भाता."

कारण त्यांनाही मामांनी
एक वर्ष भात्यावर बसवलं होतं.
हातोडीला बोट लागलं तर पळीचा फटका.
दुसऱ्या वर्षी हातोडी, पण तांब्यावर नाही,
मातीवर.
तिसऱ्या वर्षी एका हंड्याच्या बुडाशी,
जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही,
पहिला ठोका.
तो हंडा कुठे असेल, मी विचारलं एकदा.
"असेल कोणाच्या तरी पाण्याखाली."

पण गुरू मरायच्या आधी ते उठत.
दर सिनेमात गुरू मरतोच,
विषानं नाहीतर पाठीतल्या वारानं,
त्याशिवाय पोरगा पेटत नाही.
आप्पांना तो क्षण वासानं कळायचा.
म्हातारा जरा जास्तच मायेनं बोलायला लागला
की हे निघाले लघवीला.
परत येईपर्यंत पोराचं रडून झालेलं,
डोक्याला पांढरी पट्टी.
काय झालं, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

थेटर गेलं. तिथे आता काय आहे
मला माहीत आहे, सांगत नाही.
आळीत प्रेस मशीन आलं, एका दणक्यात घंगाळ,
आणि त्यावर मठारल्यासारखे ठसे,
तेही मशीननंच पाडलेले.
रात्री माझा मुलगा मोबाइलवर तेच सिनेमे काढतो,
रंग विटलेले, कडा कापलेल्या,
आणि विचारतो, यात एवढं काय आहे?
मी म्हणतो, बघ, माणूस खरंच पडतो.
उठताना लंगडतो, तेवढ्यात कॅमेरा वळवतात.
हे काही उत्तर नाही, मला कळतं.

आप्पा ब्याऐंशीचे. मध्ये त्यांची खुर्ची.
आवाज बंद, तो कोणालाच लागत नाही.
बादली. डोंगर. बादली.
"भाता," आप्पा नातवाला ढोसतात.

मग पडद्यावरचा म्हातारा पोरासाठी चहा ओततो,
स्वतःच्या हातानं, पहिल्यांदाच,
आणि आप्पा काठी शोधायला लागतात.
मी स्क्रीनवर बोट ठेवतो.
मोरीपर्यंत जाऊन यायला त्यांना
हल्ली दहा मिनिटं लागतात.
तेवढा वेळ
किटलीतून निघालेली धार
हवेत.